सूचनेला उत्तर मिळालेच पाहिजे

कायदा करण्यात सामान्य नागरिकांचा हात असावा, हे तत्त्व आज कोणी उघडपणे नाकारीत नाही. प्रश्न निराळाच आहे. नागरिकांच्या शब्दाला उत्तर देण्यास राज्यकर्ते बांधलेले आहेत काय?

आइसलँडचा दाखला घ्या. २०११ साली तेथील २५ जणांच्या परिषदेने नव्या संविधानाचा मसुदा तयार होत असतानाच इंटरनेटवर मांडला. लोकांनी फेसबुकवरूनही सूचना केल्या. २० ऑक्टोबर २०१२ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी तो नव्या संविधानाचा पाया म्हणून मान्य केला. तरीही २०१३ साली संसदेने तो संमत न करताच आपली मुदत संपविली. लोकांनी लिहिले, लोकांनी कौल दिला. किल्ली मात्र संसदेच्याच कनवटीला राहिली.

आपल्याकडे काय आहे? केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस जनतेपुढे ठेवावयाचा असतो. परंतु वकील या नात्याने सांगतो, धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते मोडल्यास दाद मागावयास भक्कम आधार नाही. त्यातून मसुदा बहुधा इंग्रजीत! ज्याची जमीन वा मजुरी त्या कायद्यावर अवलंबून, त्यालाच तो वाचता येत नाही.

म्हणून मसुदा लोकांच्या भाषेत द्यावा, सूचना नाकारल्यास लेखी कारण द्यावे आणि ही दोन्ही बंधने कायद्यानेच घालावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. उत्तराविना पडून राहतो तो अर्ज. आपण अर्जदार नाही, नागरिक आहोत.