गोळीचं नाव विचारू या

मैत्रिणींनो,



मागच्या महिन्यात वस्तीतल्या गटाच्या बैठकीला दोन गरोदर बायका आल्या होत्या. पहिली तयार कपड्यांच्या कारखान्यात धागे कापते. कापडाच्या धुळीनं तिला दिवसभर शिंका येतात, नाक चोंदल्यामुळे रात्रीची झोप नाही. तिसरा महिना चालू. लग्नाआधीपासून ती ॲलर्जीची गोळी घ्यायची, पण सासूबाई म्हणाल्या, "गोळीनं पोर अधू होईल." म्हणून बंद केली.

दुसरीला आठवा महिना. तळहात आणि तळपाय खाजायचे, रात्री जास्तच. नवऱ्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून खाजेच्या गोळ्या आणून दिल्या. तिनं पिशवीतून काढून दाखवल्या. कात्रीनं कापलेला चार गोळ्यांचा तुकडा. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या पट्टीवर, म्हणजे दुकानातच राहिलेली.

एकीला भीती मिळाली, दुसरीला गोळी. माहिती मात्र दोघींनाही कुणी दिली नाही.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. त्यामुळे आमच्या कामाशी जोडलेल्या डॉक्टर मैत्रिणीकडून समजून घेतलं, ते इथं मांडते आहे. ॲलर्जीत शरीरात हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं. त्याचा परिणाम रोखणाऱ्या औषधांना अँटिहिस्टामिन म्हणतात. त्यातलं क्लोरफेनिरामाइन कित्येक दशकं वापरात आहे. सेटिरिझिन आणि लोराटाडिन नंतरची. ही औषधं घेतलेल्या हजारो गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आहेत आणि त्यांच्या बाळांमध्ये व्यंगाचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही. म्हणजे पहिलीनं शिंकत, जागत नऊ महिने काढायची गरज नव्हती. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच मात्रा, लागतील तेवढेच दिवस घेता आली असती.

मात्र काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. मशीनवर काम करणाऱ्या बाईला ती धोक्याची. बाळंतपणाच्या सुमारास त्या सारख्या घेतल्या तर बाळही सुस्त होऊ शकतं. शिवाय 'सर्दीची गोळी' म्हणून मिळते तिच्यात बहुधा एकच औषध नसतं. नाक मोकळं करणारं, ताप उतरवणारं, कधी वेदनाशामकही मिसळलेलं असतं. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नसतात. नावच माहीत नसेल तर बाईनं हे ओळखायचं कसं?

दुसरीची गोष्ट अधिक गंभीर. अंगावर पुरळ नाही, पण शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज, हे यकृताच्या एका विकाराचं लक्षण असू शकतं. त्यात पित्ताम्लं रक्तात साठतात. ती फार वाढली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका असतो. अँटिहिस्टामिननं बाईला जरा झोप लागते, विकार तसाच राहतो. आम्ही तिला दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला नेलं. पित्ताम्लं वाढलेली निघाली. आता ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. "गरोदरपणात खाज येतेच" असं तिला घरीदारी चार जणांनी सांगितलं होतं.

सासूबाईंच्या भीतीला मी हसणार नाही. त्या भीतीला इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. निर्धोक म्हणून ते गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं. १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. आपल्याकडे गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी ई.पी. फोर्टसारखी जबर मात्रेची हॉर्मोन्स दिली जात. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि स्त्री-संघटना व आरोग्य गटांच्या लढ्यानंतर १९८८ मध्ये बंदी आली.

पण दुसरी बाजूही पाहू या. डॉक्सिलामाइन हे अँटिहिस्टामिन आणि ब ६ जीवनसत्त्व यांची गोळी अमेरिकेत १९५६ पासून ओकारीवर दिली जात होती. तिनं व्यंग येतं अशा आरोपांचे शेकडो दावे झाले आणि १९८३ मध्ये कंपनीनं ती बंद केली. अभ्यासांत आरोप टिकला नाही. तरी तिथं ती परत मंजूर व्हायला २०१३ उजाडलं. तीस वर्षं तिथल्या बायकांनी ओकाऱ्या सोसल्या. आपल्याकडे आज डॉक्टर सर्रास लिहून देतात ती मळमळीची गोळी हीच.

एकदा खोट्या भरवशानं बायकांचं नुकसान झालं, एकदा खोट्या भीतीनं. दोन्ही वेळा बाईला विचारलं कुणी? आजही नव्या औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना बहुधा वगळलं जातं. मग पाकिटावर "गरोदरपणात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही" एवढं छापून कंपनी मोकळी होते. आणि कुठलंही औषध न घेताही शंभरांतल्या दोन-तीन बाळांना जन्मजात व्यंग असतं, हे कुणी सांगत नाही. तशा वेळी सगळं घर आईकडे बोट दाखवतं: "तूच काहीतरी खाल्लं असशील."

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. गरोदर बाईला पट्टी कापून देताना औषधाचं नाव आणि मुदत मराठीत लिहून द्या. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो प्रत्यक्ष हजर असू द्या. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक औषधाची नोंद करा. आणि खाजेची तक्रार घेऊन आलेल्या बाईला गोळी देण्याआधी विचारा: कुठं खाजतं, कधीपासून?

तोवर आपण काय करायचं? आपापल्या गटात या विषयावर बोलू या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या गोळ्यांची पुडी घेऊन यावं आणि नावं मोठ्यानं वाचावीत. किती गोळ्यांना नावच नाही, ते मोजून आम्हाला जरूर लिहा.