ख्रिस्तमंदिरातील पेटीमास्तर

दिवाळी अंक निघाले की त्यांत गवयांची चरित्रे येतात, नटांच्या आठवणी येतात, एखाद्या तबलजीचे छायाचित्रही झळकते. पेटी वाजवणाऱ्याचे नाव मात्र, गोविंदराव टेंब्यांसारखा अपवाद सोडला, तर चार माणसांना ठाऊक नसते. तरी नाटकातल्या पेटीवाल्याच्या कानी टाळ्या पडत. गाणाऱ्याच्या का होईनात! दर रविवारी ख्रिस्तमंदिरात पेटीवर बसणाऱ्याला तेही सुख नाही. आज या सदरात त्याच्याविषयी लिहायचे आहे, आणि त्यासाठी नगरइतके योग्य गाव दुसरे नाही. (नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण नुसते ‘नगर’ म्हटले की जुने-नवे दोन्ही भागते.)

अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ मध्ये. १८४२ मध्ये तिथेच ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. गंमत अशी, की त्याच १८४२ सालात तिकडे पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने ‘हार्मोनियम’ या वाद्याचे पेटंट घेतले. युरोपातल्या मोठ्या देवळांत नळ्यांचे प्रचंड ऑर्गन असत. ते आडगावी कोण नेणार आणि कोण दुरुस्त करणार? पितळी पात्यांतून वारा खेळवणारी ही पेटी म्हणजे गरिबांचा ऑर्गन झाली. पाद्रीसाहेबांच्या सामानातून ती हिंदुस्थानात उतरली. पुढे तर घडी घालून बैलगाडीत टाकता येतील असे छोटे ऑर्गनही निघाले.

या सुरुवातीच्या पेट्या पायांनी वारा भरण्याच्या. पाय भात्यावर, म्हणून दोन्ही हात मोकळे. आणि दोन्ही हात मोकळे म्हणून चार आवाजांचे पाश्चात्त्य गायन त्यावर सहज वाजे. बायकांचे दोन आवाज वर, पुरुषांचे दोन खाली, आणि चौघांना एकत्र बांधणारा ऑर्गन. वाजवणारा बाकावर बसून समोरच्या नोटेशनकडे बघणार. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ मध्ये ‘द्वारकिन’ ही पेढी काढली आणि भाता हाताने चालवायची पेटी घडवली, तेव्हा हे सगळे चित्र पालटले. डावा हात भात्यात गुंतला. उरला एक उजवा. त्यातून चार आवाज कुठले निघणार? वाजवणारा जमिनीवर मांडी घालून बसला, पुस्तकावरची नजर उचलून गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला आणि नुसत्या चालीच्या मागे चालू लागला. ऑर्गनिस्टाचा पेटीमास्तर झाला तो इथे.

पण नुसती पेटी बदलून भागले नसते. तिच्यावर वाजवायला गाणेही आपले हवे होते. सुरुवातीची बरीच गीते इंग्रजीवरून उतरवलेली आणि विलायती चालींवर बसवलेली. १५५१ सालची जिनिव्हाची ‘ओल्ड हंड्रेड’ ही चाल घ्या. मोठी गंभीर, भारदस्त! पण तिच्या ठोक्यांखाली मराठी शब्द ठेवले की जिथे ऱ्हस्व तिथे लांबण आणि जिथे दीर्घ तिथे घाई, अशी ओढाताण होते. ती झाकणे हे काम साथीदाराच्या वाट्याला. कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन रेव्हरंड टिळक नगरला आले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या या कवीला विलायती चाली किती रुचणार! १९१९ मध्ये ते वारले तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेला दोनशेंहून अधिक गीते त्यांनी दिलेली होती. अभंग, पदे, ओव्या. सारी मराठी कानाला ओळखीची. लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना राहुरीचे दिवस आठवतील.

तेव्हापासून नगरच्या पेटीमास्तराला दोन संसार सांभाळावे लागतात. एकाच सकाळी पहिले गीत विलायती: सूर ठरलेला, लय ठरलेली, कडव्याच्या शेवटी ‘आमेन’ची दोन स्वरांची जोडी. लगेच पुढचे टिळकांचे भजन: त्यात पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे, लय मंडळींच्या श्वासाप्रमाणे. दोनशे माणसे एकदम गाऊ लागली की लय मागे ओढली जातेच. तिच्यापुढे पळाले तर गाणे फाटते, तिच्याबरोबर रेंगाळले तर गाणे झोपते. कुणी हौशी गृहस्थ ‘काळी चार’ सोडून भलत्याच पट्टीत सुरू झाले, तर दुसऱ्या ओळीच्या आत त्यांना बिनबोभाट गाठावे लागते. शिवाय पेटीला मींड नाही. गाणारा गंधारावर जरा हेलावला, तर शहाणा साथीदार तिथे बोट हलके करतो. न वाजवणे कळायला माझ्या मते वाजवणे कळण्याहून दुप्पट वर्षे लागतात.

याच मींडेच्या कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. थोरामोठ्यांचे वाद झडले. ख्रिस्तमंदिरांत मात्र त्या तीस वर्षांत एकही रविवार पेटीवाचून गेला नसावा. तिथे प्रश्न श्रुतींचा नव्हताच. मंडळींना एकत्र गायचे होते, आणि पेटीखेरीज त्यांना सावरून घेणारे दुसरे स्वस्त वाद्य नव्हते.

हा माणूस पोटासाठी बहुधा दुसरेच काही करतो. शाळेत शिकवतो, नाहीतर दवाखान्यात नोकरी करतो. पेटीचे मानधन विचारू नये. पण खरी काळजी मानधनाची नाही. भजनांची पुस्तके घरोघर आहेत. त्यांत शब्द असतात, कवीचे नाव असते, आणि वर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या पदाचा उल्लेख. ते जुने पद आज कोणाला येते? चाल उरली आहे ती फक्त पेटीमास्तराच्या बोटांत. आता मंदिरांत विजेचे कीबोर्ड आले. कळ दाबली की तयार ठेका सुरू होतो, आणि भजनाला त्या ठेक्याच्या मापात बसावे लागते. नव्या मुलांची बोटे तयार आहेत, मला त्यांचे कौतुकच आहे. पण शंभर वर्षांपूर्वीची चाल त्यांना शिकवणार कोण?

येत्या नाताळाच्या तालमी सुरू होतील तेव्हा नगर, राहुरी, वडाळा इकडच्या तरुणांनी एवढे करावे. खिशात फोन असतोच. म्हाताऱ्या मास्तरांच्या शेजारी बसून एकेक भजन वाजवून घ्यावे, ते कोणाकडून शिकलात हे विचारावे, आणि ध्वनिमुद्रणाच्या आरंभी वाजवणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगून ठेवावे.