बक्षीस मे महिन्यातल्या नोंदीला द्या

मागे एका महाविद्यालयीन संशोधन स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो होतो. कर्जत तालुक्यातल्या एका वाडीच्या विहिरीवर मुलांनी देखणा प्रकल्प मांडला होता. पहिली नोंद ऑक्टोबरची, शेवटची डिसेंबरची. मी विचारलं, "मार्चनंतर या विहिरीत काय उरतं?" मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यातली एक त्याच बाजूची होती. ती हळूच म्हणाली, "सर, तेव्हा आम्ही डवऱ्यावर जातो."

ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा आणि करवंटीने भरायचा हंडा. तिला सगळं ठाऊक होतं. प्रकल्पात मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

यात मुलांचा दोष नाही. 2006 पासून चालणारी विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा मोलाची आहे, पण ती हिवाळ्यात होते. तेव्हा आपल्याकडच्या विहिरी भरलेल्या असतात. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ. पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि उतार असा की तेही झऱ्यांवाटे निघून जातं. होळीच्या सुमारास विहीर तळ दाखवते. खाली पेज नदी मात्र वाहत असते, कारण तिच्यात भिवपुरीच्या वीजघरातून सोडलेलं पाणी येतं. खोपोलीच्या वीजघराखालच्या पाताळगंगेचंही तेच. नदीवरून इथल्या भूजलाचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. वरच्या ठाकर-कातकरी वाड्यांत त्याच दिवसांत टँकरची वाट बघतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मोठ्या क्षेत्राचा अंदाज घ्यायला ते ठीक, पण एका वाडीचा उन्हाळा कळायला आठवड्याची नोंद लागते. तिला खर्च तो काय! पोलादी टेप, टोकाला वजन, खालच्या हातभर भागावर खडू. टेप पाण्यात सोडायची, वर ओढायची, खडू किती भिजला ते बघायचं. चार मीटर व्यासाच्या विहिरीत रात्रभरात 10 सेंटिमीटर पाणी चढलं, तर ते साधारण 1,250 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे ऐंशीएक हंडे. पन्नास घरांच्या वाडीत घरटी दोनही येत नाहीत. एवढा हिशेब ग्रामसभेत मांडला, तर टँकर कधीपासून हवा, यावर वाद उरणार नाही.

मुंबई आयआयटीच्या 'सितारा' केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी कर्जतच्या पिण्याच्या पाण्यावर गावात राहून काम केलं आहे. अशा कामाला वेळ द्यावा लागतो, आणि तो बक्षिसाच्या नियमांतच धरायला हवा. भूजलाच्या प्रकल्पाला पावसाळा ते पावसाळा अशी वर्षभराची नोंद सक्तीची करा. निष्कर्ष वाडीत वाचून दाखवल्याचे गुण ठेवा. मे महिन्यात परीक्षा असतात, वसतिगृहं रिकामी होतात, ही अडचण खरी. पण वाडीतली मुलगी तेव्हा वाडीतच असते आणि पहाटे विहिरीवर तीच जाते. बक्षिसाच्या रकमेतला मोठा वाटा तिला दरमहा मानधन म्हणून द्या, आणि शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं छापा.

त्या दिवशी तिच्या गटाला मी दुसरं बक्षीस दिलं होतं. डवऱ्याबद्दल तिला आणखी काही विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.