आधी थांबणारी गाडी

गेल्या मे महिन्यात आमच्या भाच्याने जीप घेतली. नवी नव्हे. १९९८ सालच्या नोंदणीची, चारही चाकांना ओढ असलेली जुनी डिझेल जीप. आमच्या घराण्यात चारचाकी येण्याचा हा पहिलाच प्रसंग. भाचा अकोले तालुक्यात सौर पंप बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. घाटघर-भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात मोटारसायकल चिखलात रुतते आणि अवजारांची पेटी डोक्यावर घेऊन चालावे लागते. तेव्हा ही गाडी हौसेची नव्हे, पोटाची. पतपेढीचे कर्ज, आमच्या अक्काच्या दोन बांगड्या आणि आमची एक लहानशी ठेव, एवढे मोडून ती घेतली. गाडीचे पैसे आणि कागदपत्रांचा खर्च वजा जाता हातात ४५,००० रुपये उरले आणि मृग लागायला १८ दिवस.

पेढे घेऊन तो आमच्याकडे आला. म्हणाला, "मामा, आधी रंग मारतो. गडद हिरवा. मग रुंद टायर, टपावर चार दिवे आणि सीटला नवी कव्हरं." आम्ही ऐकून घेतले. आनंदाच्या दिवशी कोणाच्या तोंडचा पेढा कडू करावा? मग त्याने आम्हांला एक फेरी मारून आणली. चौकात बस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, सोडला आणि परत दाबला, तेव्हा कुठे जीप थांबली.

"दोनदा दाबला की लागतो, मामा. सवय झाली की काही वाटत नाही."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण ही सवय आम्हीही एकदा लावून घेतली होती. लग्नानंतर आम्ही जुनी स्कूटर घेतली होती. पहिल्या पगारातून तिला रंग दिला, नवा आरसा लावला. ब्रेकची केबल तुटायला आली होती, ती पुढच्या महिन्यावर टाकली. ती पुढच्या महिन्यापर्यंत टिकली नाही, उतारावरच तुटली. मागे बसलेल्या आमच्या सौभाग्यवतीचे मनगट मोडले. आजही थंडीत भाकरी थापताना त्यांचा हात मध्येच थांबतो. त्या काही बोलत नाहीत, आणि ते आम्हांला जास्त लागते.

सकाळी आम्ही कचेरीतली जुनी वही काढली. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून, त्यामुळे खाती पाडल्याशिवाय आम्हांला सुचत नाही. तीन पाने केली. पहिल्यावर जिवाशी संबंध असलेली कामे. दुसऱ्यावर अशी कामे की जी आज थोडक्यात होतील, पण ठेवली तर सावकाराच्या व्याजासारखी वाढतील. तिसऱ्यावर हौस. भाच्याने सांगितलेले सगळे तिसऱ्या पानावर गेले. तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

पुढे अक्कानेच निकाल लावला. "मी ह्या गाडीत बसनार हाय का न्हाय?" तिने लेकाला विचारले. "मग आधी ती थांबू दे."

मिस्त्री म्हातारा, पण हाताला जाणकार निघाला. त्याने बॉनेट उघडलेच नाही. आधी चारही चाके काढली. मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळत होता आणि ते तेल लायनरवर मुरले होते. असे लायनर घासून साफ करून भागत नाही, टाकूनच द्यावे लागतात. पुढचा रबरी पाइप फुगला होता. ब्रेक ऑइल तर कोऱ्या चहाच्या रंगाचे. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. मग घाट उतरताना ब्रेक तापले की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा पेडल नुसता खाली जातो. हे आम्हांला प्रथमच कळले. मास्टर सिलिंडरचे किट, चारही चाकांचे सिलिंडर, लायनर आणि पाइप मिळून १२,५०० रुपये. आम्ही पहिल्या पानावर पहिलीच रक्कम लिहिली.

मग स्टेअरिंग. चाक डावी-उजवीकडे चार बोटे फिरवले तरी पुढची चाके हलत नव्हती. टाय रॉडची टोके झिजलेली, किंग पिनला खेळ. ९,२००. टायरच्या बाबतीत मात्र आम्ही घाबरलो होतो त्यापेक्षा बरे निघाले. टायरच्या बाजूला अंड्याच्या आकाराच्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३४२१ म्हणजे २०२१ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला. जुना माल घेणाऱ्याने एवढे वाचायला शिकावेच. तीन टायर त्या सालचे होते आणि नक्षीही शाबूत. चौथा भलत्याच मापाचा. अशा जीपला ही चूक चालत नाही, कारण चारही चाकांना ओढ दिली की लहानमोठी चाके एकमेकांशी भांडतात आणि ते भांडण गिअरांवर निघते. त्याच कारणाने कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची ओढ लावायची नसते. ती चिखलासाठी, वाळूसाठी आहे. मित्रांना दाखवायला भाच्याने ती डांबरीवरच लावली होती, हे त्याने मिस्त्रीसमोर मान खाली घालून कबूल केले. त्याच मापाचा एक टायर आणि एक जादाचा, ११,००० रुपये.

इथे आमचीही एक चूक सांगतो. गाडी काळा धूर सोडत होती, म्हणून इंजिनचे काम काढावे असे आम्हीच म्हणत होतो. त्याला सगळे पैसे गेले असते. मिस्त्री म्हणाला, "साहेब, सकाळी एका चावीत सुरू होते, इंजिन ऑइल पीत नाही. आधी तिला श्वास घेऊ द्या." हवेचा फिल्टर धुळीने गच्च भरला होता. तो आणि डिझेलचा फिल्टर बदलला. धूर पुष्कळ कमी झाला.

दुसऱ्या पानावरची कामे भराभर झाली. जुन्या मालकाने काय केले आणि काय नाही याचा पत्ता नसतो, म्हणून सगळीच तेले बदलायची. इंजिन, गिअर, ट्रान्सफर पेटी, पुढचे-मागचे डिफरन्शियल. मागच्या डिफरन्शियलमधून ताकासारखे पांढरट तेल निघाले. ओढ्यातून गाडी घातली होती आणि आत पाणी शिरले होते. आणखी एक पावसाळा तसाच काढला असता तर बेअरिंग गेले असते. फिल्टरांसह ६,३०० रुपये. रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट २,४००. पाइप फुटून इंजिन तापले की हेड वाकते, आणि मग पाइपाच्या पैशांत भागत नाही. वायरिंगमध्ये फ्यूजऐवजी नुसती तार घातलेली होती. ती काढली, वायपर आणि दिवे ठीक केले, २,१०० रुपये. चेसिसला मिस्त्रीने हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिले. सगळीकडून टणक आवाज आला. तिथे पोकळ आवाज आला असता तर गाडीच परत करा म्हणालो असतो. खरे तर ही ठोकाठोक गाडी घेण्याआधीच करायची.

बेरीज ४३,५००. उरले १,५००.

कागदांचेही दोन शब्द, कारण आपल्या माणसांची फसगत तिथेच जास्त होते. चेसिसवरचा नंबर आर. सी. बुकाशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा उतरला आहे का ते बघावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणून ही जीप २०१३, २०१८ आणि २०२३ साली पास झाली आणि आता २०२८ पर्यंत चालेल. त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागेल, तो आतापासून बाजूला टाकावा. विमा स्वतःच्या नावावर करून घ्यावा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवू नयेत. बाजाराच्या दिवशी मोह होतो, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर आम्ही वाडीवर गेलो. अक्का पुढे बसली. सीटचा स्पंज बाहेर आला आहे, म्हणून तिने गोणपाट चौघडी करून अंथरले होते. ओढ्यात पाणी होते. ते ओलांडल्यावर भाच्याने मिस्त्रीने शिकवल्याप्रमाणे थोडे अंतर ब्रेक हलकेच दाबत ड्रम सुकवून घेतले. मग खालच्या गिअरमध्ये उतार घेतला. वळणावर म्हशी आडव्या आल्या. त्याने एकदाच पाय ठेवला.

अक्काचे लक्षही नव्हते. ती खिडकीतून कोणाच्या तरी भाताची रोपे बघत होती.

जीप अजून त्याच उडालेल्या रंगाची आहे. दिवाळीत रंगाचे बघू, असे भाचा परवा म्हणाला. आम्ही वही काढली. मागच्या पाट्यांचे बुश अजून बाकी आहेत.