ओटीच्या ब्लाउजपीसचे मास्क

मार्च 2020 च्या अखेरीस, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईत कापडाची दुकानं बंद होती, लेस-बटणांची बंद होती आणि औषधांच्या दुकानांत मास्क मिळत नव्हते. तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या मावशींनी आपलं कपाट उघडलं. मराठी घरात ओटीत आलेले ब्लाउजपीस कधीच संपत नाहीत. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला मिळालेले आणि पुढे कुणाच्या तरी ओटीत घालायचे म्हणून घडी न मोडता ठेवलेले. मावशींनी त्या घड्या मोडल्या. इलॅस्टिक संपलं तेव्हा परकराच्या नाड्या लावल्या. आठवडाभरात इमारतीतल्या प्रत्येक घरी मास्क पोचले. पैसे त्यांनी कुणाकडूनच घेतले नाहीत.

त्या मास्कांमागची माया अस्सल होती. पण कापड आणि शिवणकाम हाच या सदराचा विषय असल्यामुळे पुढचंही सांगायला हवं. त्यांतले बरेच मास्क फारसे कामाचे नव्हते, आणि त्यात मावशींचा काहीही दोष नव्हता.

ओटीचा ब्लाउजपीस बऱ्याचदा केवळ देण्याघेण्यापुरता असतो. वीण विरळ, वरून खळ. एका धुण्यात खळ निघून जाते आणि कापड उजेडासमोर धरलं की पलीकडची खिडकी दिसते. बोलताना, खोकताना उडणारे मोठे थेंब असं कापडही थोडेफार अडवतं. हवेत तरंगणारे बारीक कण मात्र धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून निघून जातात. त्यांना अडवायचं तर वीण घट्ट हवी, पदर दोन-तीन हवेत आणि मास्क नाकाला, गालाला, हनुवटीला लागून बसायला हवा. बाजूला फट राहिली तर श्वास कापडातून कशाला जाईल? तो मोकळ्या वाटेनेच जातो. मास्क लावल्यावर चष्म्यावर वाफ धरत असेल, तर हवा वरून निसटते आहे असं समजावं.

ही माहिती कुणी लपवून ठेवली नव्हती. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्चच्या अखेरीलाच घरगुती मास्कची पुस्तिका काढली होती. सुती कापड घ्या, पदर दुहेरी ठेवा, साबणाने धुऊन कडक उन्हात पाच तास वाळवा, असं तीत सांगितलं होतं. 5 जून 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने तीन पदरांचा सल्ला दिला. आत ओल शोषणारं सुती कापड, बाहेर पाणी न धरणारं पॉलिएस्टर आणि मधे न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. दुकानातल्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या असतात ना, त्याच जातीचं.

यातलं मावशींपर्यंत काय पोचलं? 8 एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला, ही बातमी पोचली. पुढे 200 रुपये दंडाची पोचली. वीण, पदर आणि फट यांबद्दल मात्र त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. नंतर कधीतरी मी विषय काढला, तर म्हणाल्या, “अगं, कुठलं कापड घ्यायचं ते कुणी सांगितलं असतं, तर तेच घेतलं असतं. मशीन तर तेवढंच चालवायचं होतं.” राज्यात ठिकठिकाणी बचत गटांतल्या बायका नगावर मास्क शिवत होत्या. त्यांतल्या किती जणींना हे कुणी समजावून सांगितलं असेल?

बांगलादेशात 600 गावांत, सुमारे 3,40,000 प्रौढांवर एक मोठा अभ्यास झाला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे 11 टक्क्यांनी घटला. साठीपुढच्यांमध्ये ही घट 35 टक्के होती. कापडी मास्कचा फायदा तितका ठामपणे दिसला नाही. हे आपण मान्य केलंच पाहिजे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. घरोघरी फुकट मास्क दिले, कसा घालायचा ते दाखवलं, रस्त्यात भेटून आठवण केली, गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः घातला. एवढ्यावर मास्क नीट घालणाऱ्यांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेलं. मावशी जिन्यात उभ्या राहून करत होत्या ते हेच. माणसांपर्यंत पोचण्याची कला त्यांच्याकडे होती. कापड तेवढं चुकीचं होतं.

2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्यातली मास्कसक्ती संपली आणि हा विषय आपण मिटवून टाकला. तो इतक्यात मिटवू नये. पुढची साथ कधी येईल ते कुणाच्या हाती नाही, पण तिच्या पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा टंचाई होईल. चांगले मास्क आधी परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांना द्यावे लागतील, आणि तसंच व्हायला हवं. बाकीच्यांच्या वाट्याला कापडच येणार आहे. मग ते योग्य कापड का नसावं? इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचे यंत्रमाग आपल्याच राज्यात आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या बचत गटाकडे तपासून घेतलेला कागदी नमुना असावा, नगाचा दर आधीच ठरलेला असावा आणि मधल्या पदराचा एक तागा प्राथमिक आरोग्य केंद्रात पडून असावा. आयटीआयमध्ये आणि गल्लीतल्या शिवणक्लासमध्ये ब्लाउज, पंजाबी ड्रेसच्या जोडीला मास्कचाही एक धडा असावा. याला खर्च किरकोळ आहे.

मावशींच्या कपाटात आता पुन्हा ओटीचे ब्लाउजपीस साठले आहेत. गेल्या आठवड्यात मी त्यांना घट्ट विणीची तीन मीटर पांढरी पॉपलीन आणि कागदावर कापलेला नमुना नेऊन दिला. म्हटलं, “मावशी, हे कुणाच्या ओटीत घालू नका.” त्यांनी कापड खिडकीसमोर धरून पाहिलं, दोन बोटांत चोळलं आणि नमुना घडीत ठेवून ते कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून दिलं.