अननस बाप्यांचा, पीच पोरींचा

साबण घेताना माझा स्वभाव कुणी विचारत नाही. परफ्युमच्या काउंटरवर मात्र गाडी थेट तिथेच येते. पीचच्या वासाची बाटली हातात घेतली की पलीकडची मुलगी अदबीने दुसरीच पुढे सरकवते. "मॅडम, हे जरा यंग आहे. बबली मुलींना छान जातं. तुमच्या पर्सनॅलिटीला वुडी बघू या का?" माझी पर्सनॅलिटी म्हणजे पांढरे केस, कॉटनची साडी आणि चष्मा. तेवढ्या भांडवलावर तिने माझी रवानगी चंदनाच्या फळीकडे केली. तिच्यावर राग नाही, तिला शिकवलंय तसं ती बोलते. शिकवणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे.

मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलला एस्टर करायचो. परीक्षानळीत ॲसेटिक आम्ल, आयसोअमाइल अल्कोहोल, वरून तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब, मग नळी गरम पाण्यात. थोड्या वेळाने ते मिश्रण खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओतलं की फसफसून आम्लाचा झणका मरायचा आणि टेबलाभोवती पिकलेल्या केळ्यांचा वास सुटायचा. एरवी घड्याळाकडे डोळे लावून बसणारी मुलंसुद्धा तेव्हा नाक पुढे करून यायची. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघतं. पीच, सफरचंद, स्ट्रॉबेरी यांतून अत्तरवाल्याच्या कामाचं तेल निघत नाही. बाटलीतलं फळ बहुतेक वेळा असं काचेतच पिकलेलं असतं. त्यात खेळकर किंवा स्वप्नाळू रेणू असतो, असं मला तरी कधी दिसलं नाही.

मग हा स्वभाव आला कुठून? जुनी उदाहरणं तर उलटंच सांगतात. पीचला परफ्युममध्ये मानाचं पान मिळालं ते जाक गेर्लाँच्या 'मित्सुको'त, 1919 साली. त्यातल्या पीचच्या वासाचं रसायन म्हणजे गॅमा-अनडेकालॅक्टोन. (धंद्यात त्याला 'आल्डिहाइड सी-14' म्हणतात. ते आल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनही अकराच. माझ्या पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर भोपळा मिळाला असता.) त्या पीचच्या खाली ओकमॉस, म्हणजे ओकच्या खोडावर वाढणारं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातलं शेवाळी, मातकट काहीतरी. आणि नाव क्लोद फारेर या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतल्या नायिकेचं, रशिया-जपान युद्धाच्या काळातल्या जपानी नौदल अधिकाऱ्याच्या बायकोचं. म्हणजे पीच आधी संसारी, पोक्त बाईकडे होता. 1990 साली लँकोमच्या 'त्रेझोर'मध्ये सोफिया ग्रोयस्मन यांनी गुलाबाशेजारी पीच आणि जर्दाळू बसवले, तेव्हा जाहिरातीत होती इझाबेला रोसेलिनी. तिचा जन्म 1952 चा. हिशेब करा.

पुढे गोडी वाढत गेली. 1992 मध्ये म्युगलरचं 'एंजल' आलं. त्यात एथिल माल्टॉल, म्हणजे जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'चा वास, आणि त्याला तोलून धरायला सढळ हाताने घातलेली पचौली. 'एंजल'सुद्धा गरीब गाय नव्हे, लिफ्टमधून उतरून गेलं तरी मागे उरतं. माझ्या मते खरी वाट बदलली ती 2005 च्या सुमाराला, ब्रिटनी स्पिअर्सच्या 'फँटसी'सारख्या बाटल्यांमुळे. किवी, लिची, कपकेक! पॉकेटमनीवाल्या मुलींना ते भावलं, आणि दुकानदारांच्या डोक्यात गोड वास म्हणजे कॉलेजातली पोर हे समीकरण पक्कं बसलं.

पुरुषांच्या फळीवर जाऊन बघा. क्रीड कंपनीचं 2010 सालचं 'अव्हेंटस' उघडल्या उघडल्या अननसाचा वास देतं. ते कुणाला शोभतं म्हणून सांगतात? कंपनीची प्रेरणा थेट नेपोलियन! सत्ता, यश, पराक्रम. अननस बाप्याने लावला की सम्राट, बाईने पीच लावला की बबली. मधल्या धुरकट बर्चच्या वासाने एवढा फरक पडतो, हे मला कुणी फळ्यावर सिद्ध करून दाखवावं.

ही गोष्ट दुकानापुरती राहिली असती तर मी लिहायला बसले नसते. एका पदाच्या मुलाखतीला निघाले होते तेव्हा एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असं गोडगोड लावून जाऊ नका हो, सिरियसली घेणार नाहीत." त्यांचा हेतू चांगलाच होता. आत गेले तर पॅनेलवरच्या एका गृहस्थांच्या आफ्टरशेव्हने खोली भरलेली. त्यांच्या गांभीर्याला कुठे ओरखडाही नव्हता. एप्रिलमध्ये हापूसच्या पेटीतलं गवत बाजूला करून देठाशी नाक लावणारे आमचे तमाम काका, मामा, निवृत्त डेप्युटी कलेक्टर हेसुद्धा मग बबलीच म्हणायचे का?

गोड परफ्युम कुणालाही, कुठेही चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. मे महिन्यात सकाळच्या विरार लोकलचा लेडीज डबा आठवा. उष्णतेने सगळंच जोरात उडतं, आणि एथिल माल्टॉल, व्हॅनिला, घाम एकत्र आले की शेजारणीचं डोकं उठतं. तिथे प्रश्न हवेचा आणि अंतराचा आहे. गर्दीत एकच फवारा, तोही घरून निघण्याच्या बऱ्याच आधी. नाशिकच्या डिसेंबरात दोन मारा, कुणाची तक्रार येणार नाही.

आणि कागदाच्या पट्टीवर निर्णय घेऊ नका. फळांचे एस्टर हलके, ते आधी उडतात. दुकानात नाकाला लागतं ते तेच, आणि बिलही तेवढ्यातच फाडलं जातं. पीचचे लॅक्टोन जड असतात, मागाहून कळतात. तेव्हा मनगटावर घ्या आणि बाहेर पडा. भाजी घ्या, उन्हातून चाला, बसची वाट बघा. दोन-तीन तासांनी मनगटावर नुसती साखर उरली असेल तर दुसरी बाटली शोधा. पीच शिल्लक असेल तर परत जा आणि पैसे टाका. वुडी दाखवू लागले तर ऐकू आलं नाही असं करा. आमच्या वयाला ते सहज खपून जातं.