देवी दमते, हे लेकरांना सांगा

नवरात्र जवळ आलं की आमच्या बेंबळीत पोरांची वर्गणी सुरू होते. तुळजापूरहून ज्योत आणायची, टी-शर्ट छापायचे, टेम्पोवर भोंगे बांधायचे. रात्रभर अनवाणी पळणाऱ्या पायांचं मला कौतुक आहे, भोंग्यांचं नाही. पण माझी तक्रार पोरांबद्दल नाहीच, आईबापांबद्दल आहे. ज्योतीची पावती फाडली की लेकराला धर्म दिला, असं त्यांना वाटतं. आणि घरात त्यानं काही विचारलं की ठरलेलं उत्तर: देवाबद्दल असं विचारू नये.

आमच्याकडे सोयाबीनच्या काढणीची घाई असतानाच घट बसतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, त्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई. वर रोज एक माळ, तरवडाची नाहीतर कारळ्याच्या फुलांची. रब्बीच्या तोंडावर कोणतं धान्य जोमानं उगवलं, हे घरातले मोठे दसऱ्याला निरखून बघतात. गेल्या वर्षी माती चाळायला मी पुण्याहून आलेल्या नातवाला बसवलं. चाळता चाळता त्यानं विचारलं, "आजी, तुळजापूरची देवी झोपते म्हणे. देव कसा झोपेल?"

त्याच्या बापानं डोळे वटारले. मी म्हटलं, इचारू दे की रे.

मग सांगितलं. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत देवीची घोरनिद्रा. मूर्ती चल आहे, म्हणून सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवता येते. नऊ दिवस महिषासुराशी लढून ती दमते, म्हणून दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. त्यासाठीचा पलंग आणि पालखी नगरच्या बाजूनं गावोगावी मुक्काम करत येतात. तिसरी निद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी.

"म्हणजे देवीपण दमते?"

"दमते ना."

"मग दसऱ्यानंतर आईला का झोपू देत नाहीत?"

त्याचा बाप हसला. सून हसली नाही. नऊ दिवसांचा उपास, वर सगळ्यांचा स्वयंपाक तिनंच केला होता. एवढी नेमकी गोष्ट मला कुठल्या कीर्तनातून कळली नव्हती.

'मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल' म्हणणारेही पुण्यात पुष्कळ भेटतात. ज्यानं घटाला कधी पाणी घातलं नाही, तो नको तरी कशाला म्हणणार?

आणि जुनं सगळं जसंच्या तसं द्यायचं असतं म्हणणाऱ्यांना माझ्या सासूबाई माहीत नाहीत. त्यांनी मला परडी दिली, कवड्यांची माळ दिली, मंगळवार-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायला शिकवलं. आराध्यांची गाणी त्यांना रात्र सरेपर्यंत पुरायची. पण पुतणीच्या केसांत जट झाली आणि भावकी म्हणू लागली, देवीनं बोलावलंय, पोरीला सोडा. तेव्हा त्यांनी कात्री मागवली. जट कापली, डोकं खोबरेल लावून चोळलं आणि पोरीला शाळेत पाठवलं. देवदासी प्रथा बंद करणारा नवा कायदा महाराष्ट्रात 2005 साली झाला. सासूबाईंनी तो कितीतरी आधी ओसरीवरच करून टाकला होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. त्या नेहमीसारख्या परडी घेऊन निघाल्या. भावकीतल्याच एका घरानं जोगवा घातला नाही, तर पुढच्या घरी गेल्या.

आता माझं वय झालं. परडी पुढं कोण घेणार, हे घरात अधूनमधून निघतं. नात घेईल, नातू घेईल, दोघंही नको म्हणतील. नको म्हणाले तर तुळजापूरला नेऊन देवीच्या पायाशी ठेवीन, माझा रुसवा नाही. मुलगा म्हणतो, तोवर मी सांभाळतो. त्याला सांगितलंय: आधी लेकराच्या प्रश्नाला उत्तर द्यायला शिक, मग बघू.